कोरड्या वातीचा दिवा

“निघालीस का गं उर्सू?”

इनास आजोबांनी बाहेरून हाक घातली आणि उत्तराची वाट न बघता पहिली फळी दाराच्या खाचेत बसवली.

उर्सुला निघाली नव्हती. ती कोठीच्या मागच्या भिंतीशी, कोसळलेल्या मांडणीखाली पडली होती, डोळे मिटून. उजव्या पायावर केळीचे सहा-सात लोंगर, आणि मुठीत अजून तो झावळीचा वीतभर क्रूस. मी तिच्या उशाशीच होते. मी जीव तोडून ओरडले, “आजोबा, पोर आत आहे!”

आजोबांना ऐकू गेलं नाही. त्यांना जिवंत माणसांचंच धड ऐकू येत नसे, आणि मला तर जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दुसरी फळी बसली. मग तिसरी. उजेडाची पट्टी वर सरकत सरकत बोटभर उरली आणि तीही गेली. मग ओल्या मातीचे थापे ऐकू यायला लागले. थप्. थप्. आजोबा फटी लिंपत होते आणि तोंडानं स्वतःशीच म्हणत होते, “पोर गेली वाटतं वाडीच्या मागच्या वाटेनं. दिव्याची घाई, दुसरं काय.”

केळी पिकवायची ती कोठी म्हणजे वाडीच्या टोकाला बांधलेली, खिडकी नसलेली एक खोली. वर मातीनं लिंपलेला माळा, त्यावर कौलं. हिरवे लोंगर फळ्यांच्या मांडणीवर रचायचे, दाराशी एका मडक्यात नारळाची सोडणं धुमसत ठेवायची, आणि दार बंद करून वारासुद्धा शिरणार नाही असं लिंपून टाकायचं. त्या उबेत आणि धुरात दीड दिवसात केळी पिवळी होतात. मध्ये दार फोडलं की सगळा माल डागी. म्हणून एकदा लिंपलेली कोठी आमच्या वसईकडे कुणी फोडत नसे.

आणि लिंपण्याआधी घरातल्या कुमारिकेनं मागच्या भिंतीच्या खोबणीत ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारचा आशीर्वादित क्रूस खोचायचा, ही इनास आजोबांच्या घरची रीत. तो खोचायला उर्सुला खालच्या फळीवर चढली होती. फळी वाळवीनं पोखरलेली निघाली. एवढंच झालं. कडाड झालं, डोकं भिंतीवर आपटलं आणि ती हूं की चूं न करता खाली गेली. मांडणी पडल्याचा आवाजही आजोबांनी ऐकला नाही.

मी तिची राखण होते. राखण म्हणजे, अजून उमेदवार.

हे जरा सांगायला हवं. फादर शिकवतात की देवदूत वेगळे आणि माणसं वेगळी, मेलेल्या माणसाचा कधी दूत होत नाही. ते अगदी खरं आहे. दूत आम्हीही लांबूनच पाहिलेत. आम्ही त्यांच्या हाताखालच्या. एकेका जिवाला एकेक जण नेमून देतात, आणि शिकवायला कुणीतरी जुनं माणूस असतं. मला शिकवायला रेमेदबाय होती. ती आमच्याच गावची सुईण, मी जन्मायच्याही आधी वारलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत, आवाज भांड्यावर भांडं आपटल्यासारखा.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, “हातात काय राहिलंय तुझ्या?”

मला कळलं नाही.

“अगं, इथं आल्यावर सगळं सुटतं. जिवंतपणी जो नेम एकदाही मोडला नाही, तेवढ्यापुरताच हात राहतो. मी पोर जन्मलं की कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायची आणि मगच नाळ कापायची. चाळीस वर्षांत एकदा चुकले नाही. म्हणून माझा अंगठा राहिला. तुझं काय?”

“दिवा,” मी म्हणाले.

मी बारा वर्षांची असताना बाबा विषमज्वरातून उठले, तेव्हा मी बोलले होते की जिवंत असेपर्यंत रोज सांजेच्या घंटेला तिठ्यावरच्या क्रूसापाशी दिवा लावीन. पाच वर्षं लावला. एक दिवस चुकला नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही. त्यामुळे माझा हात त्या एका दिव्यापुरता राहिला होता. मी कुठंही असले तरी त्या वातीपर्यंत तो पोचायचा, आणि मी ज्योत लावली तर ती जे बघेल-ऐकेल ते माझ्यापर्यंत येणार होतं. मला याचा फार आनंद होता. खरं सांगायचं तर अभिमान होता. तो चांगला नाही हे मला कळायचं, तरी होता.

“छान,” रेमेदबाय म्हणाली. “आता दोन गोष्टी ध्यानात ठेव. जिवाला सोडून जायचं नाही, तो जिथं अडकेल तिथं तू अडकायचं. आणि त्यानं मागितल्याशिवाय हात चालवायचा नाही. माणसाला देवानं मर्जी दिलीये, ती आपण पुसायची नाही.”

उर्सुला माझ्याकडे आली तीही त्या दिव्यामुळेच. मी गेल्यावर तिठ्यावरचा दिवा सात वर्षं काजळी धरून होता. अकरा वर्षांच्या उर्सुलानं एके दिवशी राखेनं घासून काच लख्ख केली, तेल घातलं आणि अनंताचं एक फूल ठेवून दिवा लावला. तेव्हापासून चार वर्षं रोज. घंटेला तेल घालायची, फूल बदलायची, दिवा लावायची, मग घर.

आता ती इथं अंधारात होती.

“रेमेदबाय!” मी हाक मारली. “आहेस का गं?”

“आहे.” आवाज भिंतीपलीकडून आला. एका जिवापाशी एकच राखण, म्हणून ती आत येऊ शकत नव्हती. “पोर कशी आहे?”

“शुद्ध नाही. श्वास आहे. पाय अडकलाय. मडकं पेटतंय गं बाय, धूर साठतोय!”

“मग तू काय करणार?”

“मी काय करू?”

“मी तुला विचारलं.”

मी मडक्याकडे गेले. राखेखाली निखारे लाल डोळे करून बसले होते. मी फुंकर घातली, हात मारला, पदर टाकला. निखारा तसूभर काळवंडला नाही. माझा हात तिठ्यावरच्या दिव्यापुरताच होता, आजोबांच्या मडक्याला तो कुठून लागणार? मी फळ्यांना खांदा लावला आणि फळ्यांमधून धुक्यासारखी आरपार गेले. चार हात बाहेर आले तोच उर्सुलाच्या श्वासानं मला मागं ओढलं, दाव्याला बांधलेल्या वासरासारखं. बाहेर वाडीत ऊन होतं. आजोबांची पाठ केळीच्या पानांआड जाताना दिसली. मग परत आत, काळोखात.

“झालं बागडून?” रेमेदबाय म्हणाली. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, पण मला रडू आलं.

उर्सुला खोकली. डोळे उघडले. उघडले काय आणि मिटले काय, दोन्ही सारखंच होतं. तिनं हात पुढं करून चाचपलं, लोंगर लागले, फळी लागली. मग तिला कळलं.

“आजोबा!” ती ओरडली. “ओ आजोबा! मी आत आहे!”

मातीच्या जाड भिंतींनी आवाज पिऊन टाकला.

“आई! आई गं! कुणी आहे का?” ती बराच वेळ ओरडत राहिली. मग खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबल्यावर ती एकदम हसली. तशी ती पोर विनोदीच. “शाब्बास उर्सुलाबाई,” ती स्वतःशी म्हणाली. “परवा पिकून निघणार. आजोबा बाजारात विकतील, डझनाच्या भावानं.”

ते हसणं हुंदक्यात गेलं. तिनं पाय ओढायचा प्रयत्न केला. घोट्यात काहीतरी मोडलं होतं. ती किंचाळली आणि पुन्हा आडवी झाली. जमिनीलगत हवा जरा बरी होती. मी म्हणत होते, “पडूनच राहा बाळ, खालीच राहा,” आणि ती राहिली. माझं ऐकून की दमून, ते सांगता येत नाही.

“माझ्या राखणदूता,” ती पुटपुटायला लागली, “मला बाहेर काढ. मी तुला रोज सांगते ना जवळ राहा म्हणून? मग आहेस ना? काढ ना मला.”

“आहे गं,” मी म्हणाले. “पण मला येत नाही.”

याच्याइतकं वाईट वाक्य मी जिवंतपणीही कधी बोलले नव्हते. रेमेदबायला ते ऐकू गेलं असणार. ती म्हणाली, “नातालीन, तुला एक सांगू? बाळंतीण कळा देऊन देऊन थकली की काय मागते माहितीये? म्हणते, पुरे झालं, मला झोपू द्या. हात जोडते, पाया पडते. तिला झोपू दिलं तर दोन जीव जातात.”

“हे आत्ता कशाला सांगतेस?”

“आठवलं म्हणून सांगितलं.”

वेळ कसा गेला ते मला ठाऊक नाही. धूर छताशी होता तो खाली उतरत आला. माणसाच्या उंचीवर आला, मग मांडणीच्या. उर्सुलानं परकराचा ओचा तोंडावर धरला होता. तिचे शब्द आता एकमेकांत मिसळत होते. मध्येच ती शाळेतल्या मार्थाशी भांडायची, मध्येच आईला सांगायची की कॉफी नको, पाणी दे. चारी भिंती जवळ आल्यासारख्या मला वाटत होत्या. मला श्वास घ्यायचा नसतो, तरी माझा श्वास कोंडला.

तेवढ्यात सांजेची घंटा झाली.

मातीतून, धुरातून, लांबून आली ती. तीन टोले, थांबा, पुन्हा तीन. उर्सुलानं डोळे उघडले. शुद्ध एकदम चोख.

“दिवा!” ती म्हणाली. “देवा, माझा दिवा राहिला!” तिनं उठायची धडपड केली. ते काही जमलं नाही. मग हात जोडले. “राखणदूता, मला नाही काढलंस तर नको काढू. पण माझा दिवा लाव. एवढं कर. माझा नेम मोडू देऊ नको.”

बाहेर काढ म्हणाली होती तेव्हा मी नुसती हात चोळत बसले होते. आता, इतक्या वेळानं, तिनं असं काही मागितलं होतं जे मला येत होतं. तेही माझंच, माझ्या जिवाचं. नेम मोडू नये म्हणजे काय असतं, हे माझ्याहून कुणाला जास्त कळणार होतं?

“नातालीन, थांब,” रेमेदबाय म्हणाली.

“ती मागतेय!”

“थांब म्हटलं.”

मी थांबले नाही. हात पुढं केला, तिठ्यावरची वात बोटांना लागली, आणि दिवा लागला.

किती दिवसांनी उजेड पाहिल्यासारखं झालं. काचेच्या कोनाड्यातून मला तिठा दिसला, पांढरा चुना लावलेला क्रूस, पलीकडे बावखलाच्या तळ्याचं पाणी, चिंचेखाली उभी असलेली सायकल. “लागला बाळ,” मी उर्सुलाच्या कानाशी म्हणाले, “तुझा दिवा लागला.” तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते अंधारात दिसलं नाही, पण जोडलेले हात सैल झाले. मला वाटलं, मी आज खरी राखण झाले.

आणि मग वाटेवरून मोनिका येताना दिसली. उर्सुलाची आई.

झपझप येत होती, पदर खोचलेला, हाताला पीठ तसंच. पोर अजून घरी आली नाही म्हणून निघालेली, हे तिच्या चालण्यातच दिसत होतं. मी आनंदानं ओरडणार होते. ती तिठ्यावर आली, मान वर केली, दिवा पाहिला.

तिचे खांदे खाली आले. पाय मंदावले.

“हं,” ती म्हणाली. “लावून गेली म्हणजे.”

समोरून शेजारची पावलीनमावशी भाजीची पाटी घेऊन येत होती. “काय गं मोने, पळत कुठं?”

“उर्सू आली नाही अजून घरी. म्हटलं बघावं.”

“अगं, दिवा तर लागलाय! इथंच कुठंतरी असेल. मार्थाकडे बसली असेल गप्पा छाटत. पोरी त्या! आपण नव्हतो बसत?”

“तेच म्हणते मी. येऊ दे घरी, बघते तिच्याकडे.”

“पण पोर गुणाची हो. पाऊस असो, परीक्षा असो, दिवा कधी चुकला नाही तिचा. दिवा दिसला की समजायचं, उर्सू खुशाल आहे.”

दोघी हसल्या. पावलीनमावशी आपल्या वाटेनं गेली.

अख्खा गाव हा दिवा बघणार होता. सायकलवाला बघणार, चर्चमधून परतणारे बघणार, आणि प्रत्येक जण म्हणणार की उर्सू खुशाल आहे. ती बाहेर आहे याची खूण मी स्वतःच्या हातानं तिठ्यावर टांगून ठेवली होती. आजोबांनी मातीनं दार लिंपलं होतं. वर दुसरा थर मी दिला होता, उजेडाचा.

“रेमेदबाय,” मी म्हणाले. “ती परत जाईल.”

“हो.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“थांब म्हटलं होतं. तू थांबली नाहीस.”

“आता काय करू?”

भिंतीपलीकडे ती उभी होती, एवढंच मला जाणवत होतं.

उर्सुलाचा श्वास लहान लहान होत चालला होता. दोन श्वासांमध्ये मोठी फट पडायची. त्या फटीत मी थांबून राहायची, पुढचा येईपर्यंत.

तिठ्यावर मोनिका लगेच गेली नाही. आलीच आहे तर, म्हणून गुडघे टेकून तिनं डोळे मिटले, तीन नमो मारिया म्हणायला. पहिली म्हणून झाली. तिचे ओठ मला ज्योतीतून अगदी जवळून दिसत होते. तीन संपल्या की ती उठणार, पाठ फिरवणार, आणि मग दिवा असला काय, नसला काय.

विझवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट उर्सुलानं हात जोडून मागितलं होतं की माझा नेम मोडू नको. आणि माझा स्वतःचा? ती वात मी पाच वर्षं पावसातून, काळोखातून, तापातून जपली होती. फुंकर घालून दिवा कधी मालवायचा नाही, तेल संपून तो आपसूक शांत व्हावा, हे आईनं शिकवलेलं. माझ्याजवळ या जगातलं तेवढंच एक उरलं होतं. ते गेलं की माझा हात म्हणजे धूर. मग कुणी कितीही हाका मारो, मी नुसती उशाशी बसून राहणार, कायमची.

दुसरी नमो मारिया संपली.

“रेमेदबाय, मी मोडला तर मला उमेदवारीतून काढतील?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ आला. “खरंच माहीत नाही गं.”

तिसरी सुरू झाली. उर्सुलाचा श्वास थांबला. मी मोजलं: एक, दोन, तीन, चार. मग एक बारीकसा आला.

मोनिकानं डोळे उघडले आणि वर पाहिलं.

तिच्या डोळ्यांदेखत मी हात पुढं केला आणि वात चिमटीत धरून विझवली.

त्याबरोबर तिठा गेला, मोनिका गेली, बावखलाचं पाणी गेलं. ज्योत नाही म्हणजे माझे डोळे नाहीत. मी पुन्हा कोठीत होते, आधीपेक्षाही आत. हात चाचपून पाहिला, पण वात आता कुठंच लागेना. जिथं इतकी वर्षं तिची ऊब असायची तिथं पोकळी होती. मोनिकानं काय केलं, ती उठली का, घाबरली का, वाऱ्यानं गेला असेल म्हणून घरी गेली का, काहीच कळायला मार्ग नव्हता.

“रेमेदबाय, कुणी येतंय का?”

“नाही.”

मी उर्सुलाच्या तोंडाशी वाकून बसले. तिला सांगत राहिले. काय काय सांगितलं ते आता आठवत नाही. चार वर्षांत तिनं क्रूसावर ठेवलेली फुलं सांगितली बहुतेक. आधी अनंत, मग नव्हते तेव्हा मोगरा, एकदा नुसतं भेंडीचं पिवळं फूल.

“येतंय का गं?”

“नाही.”

धूर आता उर्सुलाच्या केसांपर्यंत आला होता. मी माझं अस्तित्व नसलेलं अंग तिच्यावर पसरलं. त्याचा काही उपयोग नव्हता. तरी पसरलं.

मग रेमेदबाय म्हणाली, “नातालीन.” आणि थोड्या वेळानं, “कुऱ्हाड घेऊन येतोय म्हातारा.”

पहिला घाव लिंपणावर बसला तेव्हा वाळलेली ढेकळं आत पडली. बाहेरून मोनिकाचा आवाज आला, फाटलेला: “उर्सू! उर्सू गं!” आणि आजोबांचा: “सरक बाजूला! सरक म्हणतो ना!”

“बाबा, फळ्या काढा आधी!”

“फळ्या कसल्या काढतेस! माल जाऊ दे खड्ड्यात!”

एक फळी चिरफाळली. उजेड आला, मावळतीचा तांबूस, आणि त्याच्या पाठोपाठ हवा. एवढ्या जोरानं आली की धुराला भोवरा पडला. आजोबा चार पायांवर रांगत आत शिरले, लोंगर दोन्ही हातांनी भिरकावत. सगळं कसं झालं ते नंतर मोनिकाच लोकांना सांगायची, म्हणून मला कळलं. दिवा गेला तेव्हा वारा नव्हता. ती परत लावायला म्हणून काच उघडून बघते तर पणतीत तेलाचा थेंब नाही. वात कोरडी ठणठणीत, आणि हाताला गार. बाजूला कालचं फूल, काळं पडलेलं. “उर्सू आज इथं आलीच नव्हती,” ती सांगायची. “मग मघाशी जळत काय होतं, ते मला विचारू नका. मी पळत घरी गेले. बाबा पाय धूत होते. विचारलं, उर्सूला कोठीतून निघताना तुम्ही पाहिलीत? त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.”

त्यांनी तिला वाडीतल्या गवतावर आणून ठेवलं. आजोबा तिच्या तोंडावर पाणी मारत होते आणि लहान मुलासारखे रडत होते. “मी हाक मारली होती गं,” म्हणत होते, “मी हाक मारली होती, उत्तर ऐकायला नाही थांबलो.” मोनिका तिची छाती चोळत होती. किती वेळ काहीच झालं नाही. मग उर्सुला खोकली, ओकली आणि डोळे उघडून आईकडे बघायला लागली.

पहिली गोष्ट ती काय बोलली असेल?

“आई, दिवा राहिला.”

मोनिकानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. काजळीनं भरलेले केस कपाळावरून मागं सारले.

“राहू दे,” ती म्हणाली. “एक दिवस दिवा नाही लागला, तर देव काही अंधारात चाचपडत नाही.”

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. अगदी याच शब्दांत नसेल, पण हेच. ऑगस्ट महिना होता, चार दिवसांचा ताप, उभं राहिलं की घर फिरायचं. बाहेर पाऊस मी म्हणत होता. घंटा झाली आणि मी उठले, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, “नको जाऊ गं बाळ. एक दिवस नाही लागला तर देव रागवत नाही.” मी तिचा हात बाजूला सारला. हात किती हलका होता तो! दिवा लावला, भिजून परत आले, आणि त्याच रात्री गेले. माझा नेम मोडला नाही. आई त्यानंतर कधी तिठ्याच्या वाटेनं गेली नाही. चर्चला जायचं तर बावखलाच्या मागून वळसा घेऊन जायची. इतकी वर्षं मला वाटायचं, दुःखानं जाते. त्या संध्याकाळी गवतावर बसून मला कळलं की मी तिला काय केलं होतं.

आजोबांनी उर्सुलाला पाठीवर घेतलं. मोनिका मागून तिचा मोडलेला पाय तोलून धरत चालली. मी त्यांच्याबरोबर, आणि माझ्याबरोबर रेमेदबाय. तिठ्यावर आलो तेव्हा दिवस मावळून गेला होता आणि क्रूस अंधारात होता. माझा हात सवयीनं पुढं झाला. वात हलली नाही. काचेवर नुसता हात फिरवल्यासारखं झालं, वाऱ्यानं फिरवावा तसं.

“संपली ना माझी उमेदवारी?” मी विचारलं. “हातात काहीच नाही राहिलं.”

रेमेदबाय थांबली. वळून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जसं ओल्या अंगाच्या पोराकडे बघत असेल, बोटं मोजत. मग आपला अंगठा माझ्या कपाळावर टेकवला आणि क्रूस काढला.

माझा चेहरा वाकडा झाला. मी आवरायला गेले.

“आवरू नको,” ती म्हणाली. “पोर जन्मलं की आधी रडतंच.”